आमचा पी. पी. नंबर

काशीतल्या आमच्या घरी महाराष्ट्रातून अनोळखी माणसाचा फोन आला की अण्णा आधी विचारतात, "आमचा नंबर कुठून मिळाला?" समोरचा माणूस कधीकधी बिचकतो. अण्णांच्या मनात संशय वगैरे काही नसतो. नंबर कोणता आणि तो कशावर लिहिलेला होता एवढं कळलं की त्या घरातलं कुणी शेवटचं काशीला केव्हा येऊन गेलं याचा त्यांना अंदाज येतो, आणि मग कपाटातली कोणती वही काढायची ते ठरतं. आमचं घर ब्रह्माघाटाजवळ, घराणं तीर्थोपाध्यायांचं. यजमानांच्या नावांच्या वह्या हीच आमची इस्टेट.

नुसता पत्ता असलेलं पोस्टकार्ड सापडलं असेल तर तो आजोबांचा काळ. लेटरहेडवर नंबर आणि त्यापुढे कंसात 'पी. पी.' असेल तर १९८० च्या आसपासचा. ०५४२ आणि पुढे सहा आकडे असतील तर नव्वदीतला. त्याच आकड्यांआधी २ लागून सात झाले असतील तर त्यानंतरचा. मग अण्णांचा पहिला मोबाइल, मग त्यातलं दुसरं सिमकार्ड, मग दादानं नागपूरहून आणून दिलेला स्मार्टफोन. खणताना एकाखाली एक थर लागावेत तसे हे नंबर आहेत. आणि यातला एकही बंद करता येत नाही, कारण वाईच्या, मिरजेच्या, अमळनेरच्या कुठल्या तरी देवघरात, जुन्या पंचांगाच्या मागच्या पानावर तो लिहिलेला असतो, आणि शोधला जातो तो बहुधा घरातलं माणूस गेल्यावरच.

मी लग्नानंतर पुण्यात आले. अण्णांना ऐकू कमी येऊ लागलं, आईचे गुडघे गेले, आणि फोन वाजून वाजून बंद व्हायला लागले. एकदा अस्थी घेऊन आलेलं एक कुटुंब मुगलसराय स्टेशनवर (आता त्याचं नाव पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन आहे, पण आमच्याकडे अजून मुगलसरायच म्हणतात) दोन तास ताटकळलं. त्या सुट्टीत मी ठरवलं, घरातले सगळे फोन एका सूत्रात बांधायचे.

कॉल फॉरवर्डिंग ही सोय हँडसेटमध्ये नसते, कंपनीच्या एक्स्चेंजमध्ये असते. म्हणून फोन बंद असला, चोरीला गेला किंवा घाटाच्या पायरीवरून गंगेत पडला तरी ती चालू राहते. तिचे प्रकार चार: येईल तो प्रत्येक कॉल पुढे पाठवणं, आधीच बोलणं चालू असेल तर पाठवणं, उचलला नाही तर पाठवणं, आणि फोन संपर्काबाहेर असेल तर पाठवणं. जीएसएमच्या जगात त्यांचे आकडे २१, ६७, ६१ आणि ६२. दोन फुल्या, आकडा, फुली, मग नंबर, मग हॅश. 'उचलला नाही' म्हणजे किती वेळानं, हे पाच ते तीस सेकंदांमध्ये पाच-पाचच्या टप्प्यानं ठरवता येतं. अण्णांना पाटावरून उठून, पंचा सावरून, चष्मा शोधून फोनपर्यंत यायला तीस सेकंद पुरत नाहीत. पण त्याच्या पुढे यंत्र थांबायला तयार नसतं.

पैशाचा हिशेब मला आवडला. फोन करणाऱ्यानं पैसे द्यायचे ते त्यानं लावलेल्या नंबरापर्यंतचे. तिथून पुढचा प्रवास ज्यानं फॉरवर्ड लावलं त्याच्या खर्चानं. वाईहून काशीपर्यंत वाईकराचे, काशीहून पुण्यापर्यंत आमचे.

अडचणी मात्र भलत्याच ठिकाणी निघाल्या. दोन सिमच्या स्वस्त फोनमध्ये एका सिमवर बोलणं सुरू असलं की दुसरं बाहेरच्या जगाला बंद दिसतं, त्यामुळे 'एंगेज'साठी लावलेलं फॉरवर्ड लागतच नाही, 'संपर्काबाहेर'चं लागतं. लँडलाइनवरून मोबाइलला १५ जानेवारी २०२१ पासून आधी शून्य लावावा लागतो, तो मी विसरले होते. पहिल्या दिवशी तर मी अण्णांचा फोन दादाकडे, दादाचा माझ्याकडे आणि माझा अण्णांकडे लावून ठेवला. कॉल फिरत राहिला आणि शेवटी नेटवर्कनंच सोडून दिला. मग मी कागदावर सगळे नंबर लिहून बाण काढले. अण्णांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला. "ही वंशावळ चुकलीय," म्हणाले, "इथे नातू आजोबाचा बाप झालाय."

त्यानंतर त्यांनी जे विचारलं त्यानं मी वह्यांकडे वळले. "फोन तू फिरव कुठेही," ते म्हणाले, "पण निरोप कुणी ऐकला आणि केव्हा ऐकला, ते कसं कळणार? शास्त्र एवढंच विचारतं."

शास्त्र खरंच तेवढंच विचारतं. परगावी सपिंड गेल्याची बातमी दहा दिवसांच्या आत कळली तर उरलेल्या दिवसांचं सुतक, दहा दिवस उलटल्यावर कळली तर तीन रात्रींचं, वर्ष उलटल्यावर कळली तर स्नानानं शुद्धी, असा नियम मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आहे. बातमी निघाली केव्हा याला किंमत नाही. ती कानावर पडली केव्हा यावरून दिवस मोजायचे. निबंधकारांनी 'देशांतर' कशाला म्हणायचं याचीही चर्चा केली आहे. मध्ये मोठी नदी किंवा पर्वत असेल, भाषा बदलत असेल, किंवा जिथली बातमी दहा रात्रींत ऐकू येत नसेल, ते देशांतर. पुणे आणि काशी यांच्यामध्ये नर्मदा आहे, विंध्य आहे आणि भाषाही बदलते. आणि बारा वर्षं ज्याची काहीच वार्ता नाही त्याचा पालाशविधी करायचा, पळसाची प्रतिमा करून दहन द्यायचं. निरोप उशिरा पोचेल, चुकेल, कधीच पोचणार नाही, हे सगळं धरून केलेली ही व्यवस्था आहे.

तिचा मोठा भाग आमच्याच गल्लीबोळांच्या शेजारात लिहिला गेला. सोळाव्या शतकात पैठणहून काशीला आलेल्या भट्ट घराण्यातल्या नारायणभट्टांनी काशी, प्रयाग आणि गया या तीन तीर्थांवर 'त्रिस्थलीसेतु' लिहिला. त्यांचे नातू कमलाकरभट्ट यांचा 'निर्णयसिंधु' १६१२ चा. कमलाकरभट्टांचे पुतणे गागाभट्ट १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाला गेले, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. पंढरपूरच्या बाबा पाध्यांचा 'धर्मसिंधु' पुढे १७९० मध्ये झाला आणि महाराष्ट्रातल्या भिक्षुकांच्या हाती तोच जास्त राहिला. पण सुतकाचे दिवस मोजण्याचा प्रश्न अडला की काशीला विचारायचं ही रीत टिकली. म्हणजे बातम्या काशीला यायच्या आणि बातम्यांचं काय करायचं याचे निर्णय काशीहून जायचे.

या रस्त्यावरच्या उशिराचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण पानिपतचं. लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला. नानासाहेब पेशव्यांना तिचा अंत कळला २४ जानेवारीला, भेलशाजवळ. तेही सावकारांच्या एका जासुदाच्या पत्रातून, मोत्यांच्या आणि मोहरांच्या सांकेतिक भाषेत. ते पत्र पेशव्यांना लिहिलेलंच नव्हतं. दक्षिणेकडच्या पेढीकडे चाललेला निरोप वाटेत भलत्याच्या हाती पडला. बरोबर दहा दिवस. पेशवाईच्या कागदांत 'जासूद जोडी' हा शब्द वारंवार येतो. जासूद जोडीनं धाडायचे. मला वाटतं, आजच्या भाषेत हेही एक फॉरवर्डिंगच: एक अडला तर दुसरा.

टपाल आणि तारेचा काळ मी इथे ओलांडून जाते. तार आली की बायका आधी रडायला लागायच्या आणि मग ती वाचली जायची, हे सगळ्या महाराष्ट्रात सारखंच होतं. ती तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

मला सांगायचंय ते पी. पी. बद्दल. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा सबंध देशात ८० हजारांच्या आसपास टेलिफोन होते, आणि पुढची तीस-चाळीस वर्षंही घरी फोन असणं ही मोठ्यांचीच गोष्ट राहिली. कानपूर-लखनौ ही देशातली पहिली एसटीडी जोडणी १९६० मध्ये झाली, पण सामान्य माणसासाठी लांबचा फोन म्हणजे ट्रंक कॉलच. तो नोंदवायचा: साधा, अर्जंट किंवा लाइटनिंग. 'पर्टिक्युलर पर्सन' म्हणून नोंदवला तर ठरावीक माणूस फोनवर येईपर्यंत ऑपरेटर वाट पाहायची. त्यावरूनच शेजाऱ्याच्या फोनला 'पी. पी. नंबर' म्हणायची पद्धत पडली. आमचा पी. पी. ठठेरी बाजारातल्या एका भांड्यांच्या व्यापाऱ्याकडे होता. ट्रंक आला की त्यांच्या दुकानातला मुलगा बोळातून पळत यायचा आणि खालूनच ओरडायचा, "पंडितजी, पूना से ट्रंक!" मग आजोबा उघड्या अंगावर उपरणं टाकून निघायचे. मुलगा पुढे आणि ते मागे.

आई सांगते, त्या व्यापाऱ्यांचा एक नेम होता. मृत्यूची बातमी असली आणि ती त्यांना कळली, तरी ते ती मुलाच्या तोंडून कधी पाठवत नसत. मुलानं फक्त "बुलावा है" म्हणायचं. आजोबा दुकानात आले की त्यांना आधी गादीवर बसवायचं, पाणी द्यायचं आणि मग रिसीव्हर हातात द्यायचा. या कामाचे त्यांनी पैसे कधी घेतले नाहीत. आजी दर संक्रांतीला त्यांच्याकडे तिळाच्या वड्यांचा डबा पाठवायची, एवढाच काय तो व्यवहार.

१९९१ च्या सुमारास आमच्या घरी फोन आला आणि लगेच आमचा नंबर बोळातल्या सात-आठ घरांचा पी. पी. झाला. रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पाव व्हायचा. त्या वेळी आमच्या ओसरीवर माणसं बसलेली असायची. पुढे कोपऱ्यावर पिवळ्या पाटीचं बूथ आलं, मग मोबाइल आले, आणि ओसरी रिकामी झाली.

मोबाइलबरोबर व्हॉइसमेलही यायला हवा होता. आवाज तारेवर टिपून ठेवणारं यंत्र डेन्मार्कच्या पोल्सननं १८९८ मध्येच केलं होतं; गॉर्डन मॅथ्यूज या अमेरिकन माणसानं १९७९ मध्ये मांडलेल्या व्हॉइसमेलच्या कल्पनेला १९८३ मध्ये पेटंट मिळालं; आपल्याकडे १९९२ मध्ये सरकारनं खासगी कंपन्यांना ज्या सेवा खुल्या केल्या त्यांत व्हॉइसमेल होता. तरी तो रुजला नाही. कारण उघड आहे. निरोप ठेवायला पैसे, ऐकायला पैसे, आणि २००३ पर्यंत तर मोबाइलवर आलेला फोन घ्यायलाही पैसे. त्याऐवजी आपण मिस्ड कॉल शोधला. एक रिंग म्हणजे गाडी मुगलसरायला लागली, दोन म्हणजे घाटावर या. शिवाय यंत्राशी बोलायचं म्हणजे आपल्या माणसांना संकोच. हॅलोला हॅलो आल्याशिवाय बोलणार काय?

फोन दुसरीकडे वळवला जाण्याची भीती मात्र फार जुनी आहे. आपोआप चालणारं एक्स्चेंज शोधून काढणारा आल्मन स्ट्रोजर हा कॅन्सस सिटीतला अंत्यविधीचं सामान पुरवणारा माणूस. गोष्ट अशी सांगतात की गावातली ऑपरेटर त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या नात्यातली होती आणि मयताच्या घरचे फोन परस्पर तिकडे जोडून द्यायची. चिडून त्यानं ऑपरेटरच नको असं यंत्र बनवलं. १८९१ चं पेटंट. ही गोष्ट मी अण्णांना सांगितली तेव्हा ते खूप हसले. काशीत यजमान पळवण्याच्या अशा गोष्टी प्रत्येक घाटावर पन्नास ऐकायला मिळतात.

आज ऑपरेटर नाही, पण वळवणारे आहेत. फोन करून 'हा आकडा दाबा' म्हणून सांगायचं, तुमचे सगळे कॉल स्वतःच्या नंबरावर फिरवून घ्यायचे आणि बँकेचे ओटीपी ऐकायचे, अशी फसवणूक इतकी वाढली की दूरसंचार विभागानं १५ एप्रिल २०२४ पासून *४०१# सारख्या यूएसएसडी कोडवरून चालणारं फॉरवर्डिंग थांबवायला लावलं. ज्यांनी ते लावलं होतं त्यांनी दुसऱ्या मार्गानं पुन्हा लावून घ्यायचं होतं. माझ्या बाणांच्या कागदातले अर्धे बाण त्या दिवशी पुसले गेले.

दुसरा मार्ग म्हणून मी इंटरनेटवर चालणारा एक नंबर विकत घेतला. लँडलाइन उचलली नाही की कॉल त्या नंबरावर, तिथून माझ्याकडे, मीही घेतला नाही तर व्हॉइसमेल, आणि व्हॉइसमेलची फाइल माझ्या ईमेलवर. त्या वेळी हे मला फार सुरेख वाटलं होतं. ईमेल मात्र मी जुना दिला, जो आठवड्याला एकदाही उघडत नव्हते. चूक सगळी माझीच.

आमच्या वरच्या मजल्यावर वाईचे एक निवृत्त मास्तर काशीवासासाठी राहतात. ऐंशी पार केलेले. त्यांच्याकडे फोन नाही. त्यांना नको आहे. त्यांच्या घरच्यांकडे आमचा लँडलाइन नंबर आहे. म्हणजे आमचा नंबर अजून एका माणसाचा पी. पी. होता, आणि फोन एका सूत्रात बांधताना माझ्या कागदावर या माणसासाठी एकही बाण नव्हता.

त्या वर्षीच्या पितृपक्षात, सकाळी अण्णा घाटावर आणि आई स्वयंपाकात असताना, मास्तरांच्या पुतण्याचा फोन आला. आईला ऐकू आला नाही. मी मीटिंगमध्ये होते. फोन व्हॉइसमेलवर गेला. पुतण्या जे बोलला ते माझ्या ईमेलमध्ये तेरा दिवस पडून राहिलं.

तेराव्या दिवशी संध्याकाळी मास्तरांच्या पुतणीनं अण्णांचा मोबाइल नंबर कुठून तरी मिळवून फोन केला. "काकांना कळवलं होतं," ती म्हणाली. "सख्खा भाऊ गेला, तेरावं झालं, एका शब्दानं विचारलं नाही. काशीला गेलं म्हणजे माणसं तोडायची असतात का?" अण्णांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी मला फोन केला आणि मी ईमेल उघडला.

एकतीस सेकंदांचा निरोप. पुतण्यानं आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग गावाचं. बाबा काल रात्री गेले, म्हणाला. मग थांबला. काकांना वर जाऊन सांगा, पण एकदम सांगू नका, बसवून सांगा. मग पुन्हा थांबला, बहुतेक कुणी "बरं" म्हणेल म्हणून.

मी ते अण्णांना फोनवर ऐकवणार होते. त्यांनी नको म्हटलं आणि ते जिना चढून गेले. मास्तरांना खाटेवर बसवलं, पाणी दिलं, आणि सांगितलं. दहा दिवस उलटून गेले होते, म्हणून तीन रात्रींचं सुतक. मास्तरांनी मनातल्या मनात दिवस मोजले. "दहाव्याला मी घाटावरच होतो," ते म्हणाले. "पायरीवर बसून दुसऱ्यांची तर्पणं बघत होतो."

त्या रात्री मी अण्णांना एक खुळा प्रश्न विचारला. फोन तर पहिल्याच दिवशी घेतला गेला होता. मग दिवस तेव्हापासून का धरायचे नाहीत? "यंत्रानं ऐकलेलं धरत नाहीत," अण्णा म्हणाले. "आणि तू ऐकलंस तेही नाही. त्यांनी ऐकलं तेव्हापासून."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी तो निरोप ऐकायला मागितला. आईनं स्मार्टफोन वर नेला. त्यांनी तो दोनदा ऐकला आणि म्हणाले, आवाज अगदी भावासारखा आहे.

पुतण्याची माफी मागायला मी फोन केला. तो रागावला नव्हता, थकला होता. "टोन वाजल्यावर बोला असं त्या ताई म्हणाल्या, म्हणून मी बोललो," तो म्हणाला. "मला वाटलं तुमच्या घरातलं कुणी आहे."

आता लँडलाइनवरचं 'उचलला नाही' हे फॉरवर्ड मी काढून टाकलंय. व्हॉइसमेलही नाही. फोन वाजत राहतो, आणि नाही उचलला तर माणूस पुन्हा करतो. एक अडचण उरलीच होती: तांब्याच्या तारेच्या फोनला वीज एक्स्चेंजकडून यायची, दिवे गेले तरी तो वाजायचा. फायबर आल्यापासून दिवे गेले की फोनही जातो. आणि फायबरही इथे माकडांच्या मर्जीवर. २०१५ च्या सुमारास घाटांवरच्या वाय-फायसाठी टाकलेल्या तारा त्यांनी कुरतडल्याची बातमी थेट परदेशी पेपरांत गेली होती. म्हणून लाइन बंद असेल तेवढ्यापुरतं फॉरवर्ड ठेवलंय, अण्णांच्या बटणांच्या फोनवर. तो वाजला की ते आधी "कुणाला देऊ?" असं विचारतात.

गेल्या दिवाळीत अण्णांनी यजमानांसाठी नवी कार्डं छापायला टाकली. मी सांगितलेले सगळे नंबर त्यांनी दिले. लँडलाइनच्या नंबरापुढे मात्र स्वतःच्या हातानं कंसात दोन अक्षरं वाढवली. छापखान्यातल्या मुलानं विचारलं, "पंडितजी, ये पी. पी. क्या है?"

"है कुछ," अण्णा म्हणाले. "छाप दो."